मोठा श्वास घेऊ नका: जीव घाबराघुबरा होतो तेव्हा काय करायचं

संध्याकाळी साडेसहाचा नाशिकचा द्वारका चौक. नाशिककरांना एवढं सांगितलं की पुढचं चित्र आपोआप दिसतं. सातपूरला ऑफिस सुटल्यावर शालिमारहून शेअर रिक्षा पकडून मी नाशिकरोडला निघाले होते. पुढे ट्रक, डावीकडे बस, मागे हॉर्न. अचानक छातीत धस्स झालं आणि धडधड सुरू झाली. श्वास घ्यावा तर पुरेना. ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांत, आणि बघता बघता दोन्ही मनगटं आत वळली. बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, सोडवायला गेले तर सुटेनात. शेजारच्या काकू पाठीवर हात फिरवत म्हणत होत्या, "मोठा श्वास घे गं बाळा, मोठा श्वास घे." मी घेत होते. जितका मोठा घेत होते, तितके हात जास्त आखडत होते.

रिक्षावाल्या दादांनी गाडी वळवून जवळच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. बोटाला ऑक्सिमीटर लावला, 99. "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं. पण माझी बोटं वाकडी का झाली, हे तिथे कुणीच सांगितलं नाही. काही नाही तर मग हे काय होतं? ते कळायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात मी रिक्षा, लिफ्ट, लग्नाचे हॉल, सगळं टाळायला शिकले. ज्यांना नुकताच असा घबराटीचा पहिला-दुसरा झटका, म्हणजे पॅनिक अटॅक, येऊन गेलाय त्यांची ती दीड वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. स्वतः भोगून, डॉक्टरांना विचारून, समुपदेशकांकडे बसून जे समजलं ते क्रमाने सांगते.

आधी एकदा नीट तपासणी

हे पहिलंच, आणि याला फाटा देऊ नका. घबराटीचा झटका आणि हृदयविकाराचा झटका यांतला फरक घरी बसून खात्रीने सांगता येत नाही. पहिल्यांदा असं झालं असेल तर दवाखान्यात जायचंच.

छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, सोबत गार घाम आणि मळमळ, असं असेल तर लगेच 108 ला फोन करा. चाळिशी ओलांडलेली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू-सिगारेट असेल तर जास्तच सावध राहा. मधुमेहींना आणि बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत फारसं दुखतही नाही कधीकधी, नुसता दम लागतो नाहीतर पित्त झाल्यासारखं वाटतं. तोंड एका बाजूला वाकडं होणं, बोलणं अडखळणं, शरीराच्या एकाच बाजूची ताकद जाणं, खरोखर शुद्ध हरपणं, श्वासाबरोबर छातीत शिट्टी वाजणं, एकाच पायाला सूज येऊन दम लागणं, ऑक्सिमीटरवर आकडा 94 च्या खाली असणं: यातलं काहीही घबराट म्हणून सोडून द्यायचं नाही. दमा असणाऱ्यांनी आधी दम्याचाच विचार करायचा.

नंतर निवांतपणे फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली की हुबेहूब अशीच धडधड आणि थरथर होते. रक्त कमी असेल तर दोन जिने चढून दम लागतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि दम्याच्या पंपानेही हृदय जोरात पळतं. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा, मेडिकलवरून स्वतः आणलेलीसुद्धा.

तपासणी एकदा नीट झाली की ती झाली. मी पुढच्या आठ महिन्यांत सहा ईसीजी काढून घेतले. प्रत्येक ईसीजीने मला दोन दिवसांची शांतता दिली आणि तिसऱ्या दिवशी शंका आणखी मोठी होऊन परत आली. नवं, वेगळं लक्षण आलं तर जरूर दाखवा. त्याच त्या लक्षणासाठी तोच कागद पुन्हा पुन्हा मागत राहिलात, तर भीतीला खाऊ घालताय.

बोटं का वाकतात

आता ज्यासाठी मी दीड वर्ष वणवण केली ते.

भीती वाटली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं. पळायची किंवा झुंजायची तयारी असते ती. हृदय वेगाने चालतं, हात गार पडतात कारण रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, पोटात गोळा येतो, लघवीला लागते, घाम फुटतो. आणि श्वास जलद होतो. खरंच पळालो असतो तर तो जास्तीचा श्वास वापरला गेला असता. पण आपण रिक्षात बसलेलो असतो. शरीरात जितका तयार होतो त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड आपण बाहेर टाकत राहतो.

शाळेत शिकलोय की ऑक्सिजन चांगला आणि कार्बन डायऑक्साइड टाकाऊ. ते अर्धंच खरं. रक्तात कार्बन डायऑक्साइड ठरावीक प्रमाणात लागतोच. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण 35 ते 45 मिमी (पारा) असतो. तो खाली गेला की रक्ताचा आम्लपणा कमी होतो आणि दोन गोष्टी घडतात. एक, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात. त्यामुळे गरगरतं, डोळ्यांपुढे धूसर होतं, आजूबाजूचं सगळं खोटं, काचेपलीकडचं वाटायला लागतं. मला वाटायचं मी वेडी होत चालले आहे. तसं काही नसतं. दुसरी गोष्ट कॅल्शियमची. रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, मोकळं उरतं ते कमी पडतं, आणि मज्जातंतू विनाकारण चेतवले जातात. ओठांभोवती मुंग्या, बोटांत मुंग्या, आणि जास्त झालं तर हातापायांना वांब. माझी बोटं यानेच वळली होती. कॅल्शियम कुठे हरवलेलं नव्हतं आणि नसही दबलेली नव्हती. श्वास जागेवर आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत हात आपोआप सुटले.

गंमत अशी वाटेल, पण खरी आहे: तेव्हा ऑक्सिमीटर 98, 99 दाखवतो. ऑक्सिजन भरपूर असतो आणि तरी माणसाला वाटतं श्वास पुरत नाही. कारण छाती आधीच फुगलेली असते. हवा पूर्ण बाहेर न सोडता वरून आणखी घ्यायचा प्रयत्न चाललेला असतो. भरलेल्या हंड्यात पाणी ओतल्यासारखं. फासळ्यांमधले आणि मानेचे स्नायू दमतात, म्हणून छातीत टोचतं, आवळल्यासारखं होतं.

म्हणून "मोठा श्वास घे" हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी त्या वेळी चुकीचा. आधी श्वास सोडायचा.

आणि बेशुद्ध पडण्याची भीती? चक्कर आल्यासारखं वाटतं हे खरं. पण बेशुद्ध पडायला सहसा रक्तदाब एकदम घसरावा लागतो, आणि घबराटीत तो बहुतेक वेळा थोडा वाढलेलाच असतो. रक्त किंवा सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट वेगळी.

त्या दहा मिनिटांत

झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि नंतर ओसरतो. ॲड्रेनलिन रक्तात फार टिकत नाही. भीती नव्याने पेटवत राहिलो तरच ते लांबतं. म्हणून काम एकच, नवं इंधन घालायचं नाही.

स्कूटरवर असाल तर आधी गाडी कडेला लावा. चारचाकी चालवत असाल तरी तेच. बाकी सगळं नंतर.

मग श्वास सोडा. ओठ चहावर फुंकर घालताना करतो तसे गोल करा आणि हळूहळू, आवाज न करता, सोडत राहा. खांदे खाली येऊ द्या. सोडून झाल्यावर घाई न करता क्षणभर थांबा. आता श्वास नाकाने आणि लहान घ्यायचा. हात बेंबीवर ठेवा, तो जरासा पुढे आला तर पुरे, छाती वर उचलली जायला नको. घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा. आकड्यांना महत्त्व नाही, सोडणं घेण्यापेक्षा लांब असण्याला आहे. पहिली दोन मिनिटं हवा कमी पडतेय असं प्रकर्षाने वाटेल आणि एक मोठा उसासा घ्यावासा वाटेल. तो गिळून टाका. लाळ गिळली की ती लाट निघून जाते. इथेच बहुतेक जण सोडून देतात, आणि इथेच दोन मिनिटं तग धरायची असते.

मोजताना गोंधळ उडतो अशांसाठी माझी एक युक्ती. पाढे म्हणा, तोंडाने, पुटपुटत. बे एके बे पासून बे दाहे वीस पर्यंत एका श्वासात. थांबा, नाकाने छोटा श्वास, मग तीन. बोलताना श्वास बाहेरच जात असतो, त्यामुळे तो मुद्दाम लांबवावा लागत नाही. शेअर रिक्षात कानाला मोबाइल लावून मी पाढे म्हटले आहेत, कुणी वळूनही बघितलं नाही. पाठ असलेलं स्तोत्र किंवा अभंगही चालतो.

जागा असेल तर उठून सावकाश चाला. चालताना स्नायू कार्बन डायऑक्साइड तयार करतात, म्हणजे जे कमी पडलंय तेच भरून निघतं. वांब आलेली बोटं ओढून सरळ करायला जाऊ नका.

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. तो आता सुचवत नाहीत. माणसाला प्रत्यक्षात दमा, न्यूमोनिया किंवा हृदयविकार असेल तर त्याने ऑक्सिजन घटून जीवावर बेतू शकतं.

आणि मनात काय म्हणायचं? "थांब, थांब" म्हणून ते थांबत नाही. "मला काही होत नाहीये" हेही शरीराला पटत नाही, कारण होतंय हे दिसतंच. मी म्हणायचे: "हे श्वासाने झालंय. हे वर जाईल आणि खाली येईल. मी इथेच बसते." यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, म्हणून ते टिकतं.

शेजारी जो असेल त्याच्यासाठी

हा भाग घरच्यांना वाचून दाखवा. भोवती गर्दी करू नका. "घाबरू नकोस", "मनाचे खेळ आहेत", "सगळ्यांनाच टेन्शन असतं" हे कृपा करून टाळा. त्रास शरीरात खराच होतोय. समोर बसा, हळू बोला, आणि त्रास होणाऱ्या माणसाच्या श्वासाशी बरोबरी न करता स्वतः सावकाश श्वास सोडत राहा. दोन-तीन मिनिटांत समोरचं माणूस नकळत त्या लयीला येतं. पाणी द्यायचं तर घोट-घोट.

माझ्या सासूबाईंनी त्या रात्री मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. काढू द्यावी, त्यामागे माया असते आणि त्याने अपाय नाही. फक्त तपासणीची जागा तिने घेऊ नये. ओळख नसलेल्या किंवा प्रथमच त्रास होणाऱ्या माणसाला मात्र "पॅनिक अटॅक असेल" असं तुम्ही ठरवू नका. 108.

रोजची दहा मिनिटं

झटका नसतानाही आपल्यातल्या अनेकांचा श्वास थोडा जास्तच चालतो. खूण अशी: दिवसभर उसासे, सारख्या जांभया, तोंडाने श्वास, बोलताना वाक्य संपायच्या आत हवा संपणं. अशांचा कार्बन डायऑक्साइड कायम काठावर असतो आणि मग छोट्याशा कारणानेही तोल जातो. घरातल्या कुणाला तरी तुमचं लक्ष नसताना एका मिनिटातले श्वास मोजायला सांगा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात. नेहमीच त्याहून जास्त भरत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

सरावाला उताणं पडून सुरुवात करा, पोटावर वही ठेवून. वही हलली पाहिजे, छाती नाही. सकाळी पाच आणि रात्री पाच मिनिटं. आठवड्याने बसून, मग उभं राहून, मग चालताना. मी गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), गोदापार्कच्या बाजूला, चार पावलांना घेणं आणि सहा पावलांना सोडणं असं करायचे. मेंदूला श्वासाची नवी सवय लागायला काही आठवडे जातात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

प्राणायामाबद्दल स्पष्ट सांगते, कारण नाशिकमध्ये प्रत्येक दुसरा माणूस कपालभाती सुचवतो. सुरुवातीच्या दिवसांत कपालभाती आणि भस्त्रिका बाजूला ठेवा. दोन्हींत जलद आणि जोरकस श्वास आहे, त्याने मुंग्या आणि गरगर मुद्दाम ओढवून घेतल्यासारखं होतं. मला एका बागेतल्या वर्गात असाच झटका आला होता आणि मला वाटलं प्राणायामही आपल्याला सोसत नाही. भ्रामरी मात्र उत्तम: गुणगुणताना श्वास लांबतो. 2001 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं की जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला जवळजवळ सहावर येतो, आणि हृदय-रक्तदाबाच्या लयीवरही त्याचा चांगला परिणाम दिसतो. आजीला हे मिनिटाच्या हिशेबात माहीत नव्हतं, पण तिन्हीसांजेला दिवा लावून ती रोज तेच करायची.

चहा कमी करा. दिवसाला पाच-सहा कप होत असतील तर हळूहळू दोनवर या, एकदम तोडलात तर डोकं दुखेल. उपाशी राहू नका. जागरणानंतरचा दिवस जपून. दारूने त्या रात्री बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी ती उतरताना धडधड दुप्पट होते.

द्वारकेला परत

माझ्या मते सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. झटका जिथे आला ती जागा आपण टाळतो. मग तिच्यासारखी दुसरी. मी आधी शेअर रिक्षा सोडली, मग गर्दीच्या वेळची सिटीलिंक, म्हणजे शहर बस, मग मेन रोडची खरेदी, मग बुधवारचा बाजार. दर वेळी टाळल्यावर सुटल्यासारखं वाटायचं आणि त्या सुटकेतूनच मेंदू शिकायचा की तिथे नक्की धोका होता.

उलट जायचं, पण पायरी-पायरीने. कागदावर दहा जागा लिहा आणि प्रत्येकीपुढे भीतीचे गुण, शून्य ते दहा. तीन-चारपासून सुरू करा. मी आधी रविवारी सकाळी सातला रिकाम्या रिक्षातून द्वारका ओलांडली, नवऱ्याबरोबर. मग एकटी. मग दुपारी. मग संध्याकाळी साडेसहाला, शेअर रिक्षात, मधल्या सीटवर. भीती चढेल तेव्हा उतरायचं नाही, ती निदान निम्मी होईपर्यंत तिथेच थांबायचं. एकच जागा आठवड्यात तीन-चारदा करा. महिन्यातून एकदा केल्याने दर वेळी पहिलीच वेळ वाटते.

डॉक्टरांनी हृदय ठीक आहे असं सांगितलं असेल तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. वर पोचताना छाती धडधडते, दम लागतो, घाम येतो: नेमकं तेच सगळं, पण भीतीशिवाय. तिथे कठड्याशी उभं राहून धडधड आपणहून खाली येताना बघा. या शरीराला वेगाने पळणारं हृदय सांभाळता येतं, हे मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा त्या पायऱ्यांनी जास्त पटवलं. समुपदेशक हेच काम खोलीतही करून घेतात: जागेवर धावायला लावतात, खुर्चीत गोल फिरवतात, म्हणजे ती संवेदना ओळखीची होते.

पर्समध्ये पाण्याची बाटली, गोळी, ऑक्सिमीटर असं सगळं घेऊनच बाहेर पडत असाल तर तेही एकेक करून घरी ठेवायला शिका. ऑक्सिमीटर आधी. गार बोटावर किंवा नेलपॉलिशवर तो चुकीचा आकडा दाखवतो आणि त्याने नवी भीती सुरू होते.

मदत कुठे

महिनाभर झटके येत राहिले, किंवा झटक्याच्या धास्तीने कामावर जाणं, झोपणं, खाणं बिघडलं, तर एकट्याने ओढत बसू नका. सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत या त्रासावर चांगली लागू पडते. साधारण तीन महिन्यांचं काम असतं. मानसोपचारतज्ज्ञ कधी औषधं देतात. एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते. हे आधी माहीत असलं तर माणूस तिसऱ्या दिवशी गोळी फेकून देत नाही. बंदही मनाने करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पटकन शांत करतात, पण सवय लागते. शेजारणीच्या चिठ्ठीवर किंवा ओळखीच्या मेडिकलमधून त्या आणू नका.

खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. आणि टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा, क्रमांक 14416, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. रात्री दोनला झोपेतून दचकून उठून छाती धडधडत असेल, असे झटके झोपेतही येतात, तेव्हाही हा नंबर चालतो. जगणंच नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर सकाळची वाट बघू नका.

बरं वाटायला लागल्यावर चार-सहा महिन्यांनी एखादा झटका परत येतो. माझा आला, दिवाळीच्या खरेदीत, रविवार कारंज्यावर. सगळं पुन्हा शून्यावर आलं असं वाटून मी रडले. समुपदेशक ताईंनी तेव्हा एवढंच विचारलं, "किती वेळ होता?" मी आठवून सांगितलं, सहा-सात मिनिटं. "आणि मग काय केलंस?" पणत्या घेतल्या, म्हटलं, आणि सिटीलिंकने घरी आले. त्यांनी वहीत तारीख, जागा, मिनिटं आणि पुढे 'पणत्या' असं लिहून घ्यायला लावलं. तुम्हीही तशी वही ठेवा, आणि झटक्यानंतर काय केलंत त्याचा रकाना रिकामा सोडू नका.